चार लाखांचा गिअरबॉक्स, बारा लाखांचा विमा

प्रश्न (पुणे, वय ३६): माझ्या २०१८ च्या स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय गाडीचा रिमॅप करून (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून) टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ३४० न्यूटन-मीटरवर नेला आहे. आता क्लच स्लिप होतात. सहा गिअरचा वेट-क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) बसवायला गॅरेज चार लाख मागतंय, नुसत्या नव्या क्लचना ऐंशी हजार. गिअरबॉक्ससाठी पर्सनल लोन घेऊ की एंडोमेंट पॉलिसी (बचत आणि विमा एकत्र असलेली) मोडू?

उत्तर: दोन्ही नको. गाडीचं आधी उरकतो. तुमचा सात गिअरचा ड्राय-क्लच डीएसजी २५० न्यूटन-मीटरसाठी बनलेला, म्हणूनच कंपनीने इंजिनालाही तिथेच लगाम घातला होता. तो तुम्ही सोडलात. वेट-क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असल्याने उष्णता सोसतात, पण त्या गिअरबॉक्सची मर्यादाही ३५० च. म्हणजे चार लाख ओतून हाती उरले दहा न्यूटन-मीटर. १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज म्हणजे महिना पावणेचौदा हजार, नुसतं व्याज नव्वद हजारांवर. 'विकताना वसूल होईल' म्हणता? रिमॅप ऐकला की गिऱ्हाईक भाव पाडतं. रिमॅप काढा, क्लच बदला. आणि रिमॅप केल्याचं विमा कंपनीला कळवलं नसेल, तर उद्या क्लेमच्या वेळी सर्व्हेयर त्यावर बोट ठेवेल.

आता न विचारलेलं. पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय: गृहकर्ज ४८ लाख, कमावणारे एकटे, मुलगी तीन वर्षांची. आणि आयुर्विमा फक्त तीच १२ लाखांची एंडोमेंट, कर्जाच्या सह्या करताना बँकेतल्या माणसाने गळ्यात मारलेली! वर्षाला एक लाख, वीस वर्षं, शेवटी 'साधारण ३५ लाख'. परतावा जेमतेम ५ टक्के, पीपीएफसुद्धा ७.१ देतो. तुमचं काही बरंवाईट झालं, तर १२ लाख फेडूनही ३६ लाखांचं कर्ज बायकोच्या डोक्यावर. आणि तुम्ही तेवढंही मोडून गाडीत घालायला निघालात.

दीड कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा, घ्या. सिगारेट नसेल तर वर्षाला वीस हजारांच्या आसपास. अर्ज भरतानाच १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली बायको-मुलीला लाभार्थी करा, म्हणजे देणेकऱ्यांना त्या पैशाला हात लावता येणार नाही. मेडिकल होऊन पॉलिसी हातात पडली की मगच एंडोमेंट पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी तशीच चालू ठेवा. पाच हप्ते भरलेत, अडचण येऊ नये. सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मोडल्यास मिळणारा, आकडाही लेखी मागवा आणि दोन्ही ताडून बघा. 'साहेब, बोनस बुडेल' असा फोन येईल. येऊ दे.

वाचलेल्या लाखातले वीस हजार टर्मला. यंदाच्या ऐंशी हजारांत क्लच बसवा, पुढच्या वर्षीपासून तेवढेच इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाबरहुकूम चालणाऱ्या म्युच्युअल फंडात).