वडिलांच्या फिस्टुलाला अँजिओप्लास्टी सांगितली आहे. त्याने डायलिसिस थांबेल का?

थांबणार नाही. फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट. ती अरुंद झाली की अँजिओप्लास्टीत फुग्याने रुंद करतात. म्हणजे फुगा घालणार तो हातातल्या शिरेत, किडनीत नव्हे. किडनीच्या धमनीतही स्टेंट (जाळीची बारीक नळी) घालतात, पण तो प्रकार निराळा. चरबी साठून अरुंद झालेल्या धमनीत तो घालून औषधांपेक्षा फारसा जास्त फायदा होत नाही, असं ॲस्ट्रल (२००९) आणि कोरल (२०१४) या मोठ्या चाचण्यांत दिसलं.

तरी फिस्टुलाचं काम करून घ्याच, आणि लवकर. मी कळव्याहून ठाण्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. माझा मनगटावरचा पहिला फिस्टुला माझ्याच चालढकलीने गेला. सुया काढल्यावर रक्त थांबायला अर्धा तास लागायला लागला, टेक्निशियन म्हणाला मशीनवर व्हीनस प्रेशर, म्हणजे रक्त शिरेत परत सोडतानाचा दाब, वाढतंय. मी म्हटलं, गौरी-गणपती होऊन जाऊ दे. विसर्जनाच्या आधीच हातातली भुणभुण (फिस्टुलातून रक्त वाहताना बोटांना लागते ती थरथर) बंद. आत गुठळी. दाखवायला गेलो तेही चार दिवसांनी, मग कोण उघडणार? कोपराजवळ नवा फिस्टुला केला. तो तयार होईपर्यंत दोन महिने मानेत परमाकॅथ, म्हणजे डायलिसिससाठी घातलेली नळी, त्यात एकदा इन्फेक्शन होऊन थंडी-ताप. अंघोळसुद्धा धड करता येत नाही हो.

नवा अरुंद झाला तेव्हा मात्र आठवड्यात टेबलावर होतो. पूर्ण भूल नसते, सुईच्या जागेपुरतं इंजेक्शन. शिरेत बारीक नळी, तीतून तार, तारेवरून फुगा. डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडला की समोरच्या पडद्यावर सगळं दिसतं. फुगा आधी डमरूसारखा मध्ये आवळलेला होता. दाब वाढवला तशी ती कंबर सुटली. तेवढा वेळ दुखतं, खोटं कशाला सांगू. एक टाका घालून संध्याकाळी घरी, आणि पुढचं डायलिसिस त्याच हातावर.

हे कायमचं नाही. माझं आठ महिन्यांत पुन्हा अरुंद झालं, पुन्हा फुगा घातला. औषध लावलेले फुगेही मिळतात, महाग असतात. वडिलांना गरज आहे का ते डॉक्टरांना विचारा. सरकारी आरोग्य योजनेतून बसतं का, ते हॉस्पिटलात त्या योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राकडून आधीच कळून घ्या.

त्या हातावर बीपी मोजू देऊ नका, रक्त काढू देऊ नका. आणि आज झोपण्यापूर्वी वडिलांच्या फिस्टुलावर बोटं ठेवून बघा. भुणभुण लागत नसेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रात्रीच निघा.