पाणी कुठून येतं, कुठे अडतं

पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्या उत्तरातला हिशेब पुढेही लागणार आहे, म्हणून ते जरा लांब झालं आहे.

प्रश्न : दिवसभरात सव्वाशे मिलिमीटर पाऊस होऊनही कधी मुंबईतला परळजवळचा हिंदमाता परिसर कोरडा असतो, आणि कधी सत्तरमध्येच कमरेइतकं पाणी. नालेसफाई दोन्ही वर्षी झालेली असते. मग फरक कशाने पडतो? (एक वाचक, परळ)

दिवसाचा आकडा सोडा, तासाचा पाहा. हवामान खात्याचा 'मुसळधार' पाऊस 24 तासांत 64.5 मिलिमीटरला सुरू होतो. तेवढा पाऊस दिवसभर रिपरिपत पडला तर गटारं तो सहज वाहून नेतात. तोच तासाभरात कोसळला की नेऊ शकत नाहीत.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी बांधल्या होत्या. त्यातही ओहोटी असेल आणि निम्मं पाणी जमिनीत जिरेल, असं धरलं होतं. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. एका हेक्टरवर 25 मिलिमीटर पडला की अडीच लाख लिटर होतं, आणि निम्मं जिरलं तर गटारात सव्वा लाख येतं. आज त्या हेक्टरवर डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आहेत. जिरायला जागा नाही, म्हणजे पाऊस तेवढाच राहिला तरी गटारात पाणी दुप्पट. पाऊस ताशी 50 मिलिमीटर झाला की पाच लाख लिटर, मूळ हिशेबाच्या चौपट. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हेच सांगितलं होतं: ताशी 50 मिलिमीटर पाऊस धरा, जिरणारं पाणी शून्य धरा. हा अहवाल बारा वर्षं मागे पडून राहिला. कामाने वेग घेतला तो 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर. ही दिरंगाई माणसांची होती, पावसाची नव्हे.

दुसरी गोष्ट भरतीची. मुंबईतली बहुतेक पातमुखं, म्हणजे वाहिन्या समुद्राला मिळतात ती तोंडं, मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती साडेचार मीटरच्या वर गेली की दरवाजे बंद करावे लागतात, नाहीतर समुद्रच गटारातून शहरात येईल. त्या वेळात पाणी बाहेर काढायला फक्त पंप उरतात. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध ही उदंचन (पाणी उपसणारी पंपिंग) केंद्रं त्यासाठीच आहेत. तुमच्या सत्तर मिलिमीटरच्या दिवशी पावसाचा जोर आणि भरतीचा माथा एकाच वेळी आले होते का, ते भरतीच्या वेळापत्रकावरून ताडून पाहा.

हिंदमाता मुळात बशीसारखं आहे, आजूबाजूचं पाणी तिथेच येऊन थांबतं. म्हणून प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेविअर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या: भरती असेपर्यंत पाणी साठवायचं, ओसरली की सोडायचं. टाकी पाणी नाहीसं करत नाही, तीन-चार तास मिळवून देते. एवढ्याशा सखल भागात तेही मोलाचं आहे.

2005 च्या त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला जेमतेम 73. सांताक्रूझचा तो पाऊस कुठल्याच गटाराने पेलला नसता. पण त्या पाण्याची वाट मिठी नदी होती. विमानतळापाशी तिला काटकोनात वळवलेलं, आणि माहीमच्या खाडीकडे जाताना तिच्या दोन्ही काठांवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभारलेलं. पाणी इतके तास का थांबलं, याचं उत्तर आभाळापेक्षा या नकाशात जास्त सापडतं.

नालेसफाईचं म्हणाल, तर काढलेला गाळ किती टन हे विचारू नका. तीन गोष्टी पाहा. गाळ काठावर ठेवला आहे का? पहिल्या सरीत तो परत आत जातो. मोरीच्या, म्हणजे नाला रस्त्याखालून जातो त्या बोगद्याच्या, आतून आडव्या गेलेल्या जलवाहिन्या आणि केबली आहेत का? त्यांना प्लास्टिक अडकतं आणि नाला साफ असूनही मोरी तुंबते. आणि रस्त्याकडेच्या जाळ्या उघड्या आहेत का? डांबराचे थर चढत गेले की जाळी खाली राहते, पाणी तिच्यापर्यंत पोचतच नाही.

प्रश्न : पुण्यात मुठेजवळ फ्लॅट पाहतो आहोत. बिल्डर म्हणतो इमारत निळ्या रेषेबाहेर आहे. मग धोका नाही ना? (एक वाचक, सातारा)

धोका आहे, तो फक्त मोजता येतो. महाराष्ट्रात निळी पूररेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची (किंवा नदीपात्राच्या क्षमतेच्या दीडपट विसर्गाची, जो मोठा असेल त्याची) असते. लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. काठापासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर परवानगी. गोंधळ 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी होतो. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता. तुमचं गृहकर्ज 30 वर्षांचं असेल, तर तेवढ्या काळात लाल रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता साधारण 26 टक्के होते. निळ्या रेषेसाठी ती 70 टक्क्यांच्या पुढे जाते.

पूररेषा नदीपासूनच्या अंतरावर ठरत नाही, उंचीवर ठरते. म्हणून 'नदी दोनशे मीटरवर आहे' हे ऐकून घेऊ नका. मंजूर नकाशावर लाल रेषेची समुद्रसपाटीपासूनची पातळी मागा आणि ती चार ठिकाणांच्या पातळीशी लावून पाहा: पार्किंग, मीटर रूम, लिफ्टचा खड्डा आणि पाण्याच्या टाकीचं झाकण. तळमजल्यावर घर नाही म्हणून निश्चिंत झालेल्या इमारतींची वीज आणि पिण्याचं पाणी इथेच जातं. भिंत बांधली आहे असं सांगतील, पण आतलं पावसाचं पाणी ती भिंत बाहेर कसं जाऊ देणार, हेही विचारा.

आणि गावाचा जुना नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून नक्की काढा. त्यावर ओढे दिसतात. सगळ्या ओढ्यांना पूररेषा आखलेली नसते, आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात माणसं दगावली ती मुख्यतः आंबील ओढ्याच्या काठाने. नकाशात ओढा आहे आणि जागेवर फक्त दोन फुटी पाइप दिसतो, अशी जागा आम्ही तरी घ्या म्हणणार नाही.

प्रश्न : धरणं आधीच थोडी रिकामी ठेवली तर पूर टळेल की नाही? (एक वाचक, कोल्हापूर)

काही अंशी टळेल, आणि तशी मागणी लावून धरायलाच हवी. पण मर्यादा पाहा. 1 टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाणी 24 तासांत सोडायचं तर सतत 11,574 क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग लागतो. पुण्याच्या खडकवासल्याची क्षमता दोन टीएमसीच्या आतच आहे. वरून 35,000 क्युसेक येऊ लागले तर पूर्ण रिकामं धरणही सोळा तासांत भरेल. तुमच्याकडे राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, प्रत्येकातून 1428 क्युसेक. तिथे माणसाच्या हाती वेळ निवडणं फारसं उरत नाही.

शिवाय पंचगंगेचं पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत जातं. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला फुगवटा येतो, पाणी पुढे सरकत नाही. मध्ये महामार्गाचा भराव आहे, पूरक्षेत्रात वाढलेली बांधकामं आहेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 साली पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. तुमच्या दारात 2019 ला पाणी आलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं, तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी सामान कधी हलवायचं ते त्यावरून कळेल.

प्रश्न : रस्त्यावर पाणी साचलं की आमच्या सोसायटीच्या चेंबरमधूनच पाणी उलटं येतं आणि जमिनीखालच्या टाकीत शिरतं. उपाय? (सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे)

बाहेरच्या वाहिनीला जोडणाऱ्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप, बसवा. झडप दर पंधरा दिवसांनी उघडून पुसा, कारण एक चिंधी अडकली तरी ती पूर्ण मिटत नाही. झडप मिटल्यावर आतलं पाणीही बाहेर जाणार नाही, म्हणून आवारात खड्डा आणि त्यात पाण्यात बुडून चालणारा पंप लागतोच. आवार 1000 चौरस मीटर असेल तर ताशी 50 मिलिमीटरला 50,000 लिटर जमतं, पंप तेवढ्या क्षमतेचा घ्या. त्याचं स्विचबोर्ड मीटर रूममध्ये नको, जिन्याच्या पहिल्या वळणावर उंच लावा.

टाकीच्या तोंडाभोवती दीड-दोन फूट उंच काँक्रीटचा कठडा करा, झाकणाला रबरी पट्टी लावा. ओव्हरफ्लोचा पाइप विसरला जातो आणि पाणी तिथूनच शिरतं, त्यालाही उंच वळण द्या.

पाणी शिरलंच, तर आधी वरच्या टाकीकडे जाणारा पंप बंद करा, नाहीतर घाण सगळ्या घरांत जाईल. टाकी उपसून गाळ काढा, भिंती ब्रशने घासा. मग स्वच्छ पाणी भरून दर हजार लिटरला दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओता आणि किमान बारा तास ठेवा. ते पाणी प्यायला वापरू नका, सोडून द्या, आणि नव्याने भरा. टाकीत माणूस उतरवण्याआधी दोन्ही झाकणं बराच वेळ उघडी ठेवा, एकट्याला कधीच उतरवू नका, आणि तोंडाशी दोर धरून दुसरा माणूस उभा असू द्या.