रिपोर्टवर 'गॅस्ट्रायटिस' लिहिलंय, म्हणजे ॲसिडिटीच ना?
नाही, गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला आलेली सूज, ॲसिडिटी वेगळी, फक्त जळजळ दोन्हीत होते म्हणून लोक सरसकट एकच समजतात. ही सूज बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूमुळे येते, नाहीतर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या पेनकिलर सतत घेतल्याने किंवा दारूमुळे. आणि जुलाब-उलट्या होतात तो गॅस्ट्रो म्हणजे गॅस्ट्रोएन्टरायटिस, त्यात आतडंही येतं, तो हा नव्हे. फक्त एक, डॉक्टर पुष्कळदा नुसती लक्षणं बघून हा शब्द लिहितात, पक्कं निदान एंडोस्कोपीत (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर बघतात त्यात) बायोप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा तपासणीसाठी, घेतली तरच होतं.