तीन कोटींतून अठरा निवडले, पुढे काय?

तुझं पत्र दोनदा वाचलं. टी. वाय. बी.एस्सी. केमिस्ट्री चालू आहे, एम.एस्सी. करून बॅटरीत संशोधन करायचंय. बाबा म्हणतात, "ते काम आता एआय करतो, तू पाच वर्षं घालवून काय शोधणार?" तुझी बोच वेगळीच : आफ्रिकेतल्या काँगोमधल्या लढाईच्या आणि खाणींच्या बातम्या पाहिल्यापासून तुला बॅटरी हा विषयच नकोसा झालाय.

बाबांनी ऐकलंय ते खरं आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने जाहीर केलं, की एआयच्या मदतीने संगणकावर ३ कोटी २० लाख पदार्थ चाळून बॅटरीसाठी १८ निवडले. चाळणी काही दिवसांत उरकली. त्यातला एक प्रत्यक्ष बनवून सेलमध्ये भरून बघेपर्यंत मात्र महिने गेले.

बाबांना दुसरी गोष्टही सांग. २०२३ च्या अखेरीस बर्कलेच्या स्वयंचलित प्रयोगशाळेने ५८ पैकी ४१ पदार्थ यंत्रमानवाकडून बनवून घेतल्याचं प्रसिद्ध केलं. लगेच रसायनशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. एक्स-रे डिफ्रॅक्शनचे (एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी पदार्थाची रचना ओळखायची पद्धत) आलेख यंत्राने नीट वाचलेले नाहीत, आणि 'नवे' म्हटलेले बरेच पदार्थ जुनेच आहेत, असं त्यांचं म्हणणं. गंमत बघ, तू प्रॅक्टिकलला जे आलेख कंटाळत वाचतेस, त्यांच्यावरूनच हा वाद पेटला. संगणकाने सुचवलेलं खरंच तयार झालं का, हे ओळखणारा माणूस त्या लॅबला लागतोच. म्हणून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शीक, पण एक्सआरडी सोडून नको.

आणि हाताचं कामही आहे. आरगॉन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये जाड हातमोज्यांतून, चिमट्याने, रुपयाच्या नाण्याएवढा सेल जुळवायचा. एका लॅबमध्ये हौस म्हणून मी प्रयत्न केला, तर सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडांमधला पातळ पडदा) तीनदा निसटला, शेजारची पीएच.डी.ची मुलगी हसत होती. पुढे तो सेल चार्ज-डिस्चार्ज करत बसायचं. एका फेरीला दोन तास धरले, तर ५०० फेऱ्यांना चाळीस दिवसांवर जातात. सेल किती टिकेल याचा अंदाज एआय लवकर बांधून देतो, पण तो खरा का खोटा हे त्या चाळीस दिवसांनीच ठरतं.

आता काँगो. बातम्यांत दोन गोष्टींची खिचडी होते. जानेवारी २०२५ मध्ये एम२३ बंडखोरांनी पूर्व काँगोतलं गोमा शहर घेतलं. त्यांच्यामागे रवांडाचं सैन्य आहे असं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात, रवांडा नाकारतो. त्या भागातल्या रुबायाच्या खाणींत कोल्टन हे खनिज निघतं. त्यातलं टँटलम फोनच्या कपॅसिटरमध्ये जातं, बॅटरीत नाही. बॅटरीचं कोबाल्ट येतं ते हजारेक किलोमीटर दक्षिणेच्या कोल्वेझीकडून. तिथे ही लढाई नाही, म्हणून सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नकोस. हाताने खणणारी माणसं, त्यात मुलंही, तिथे आहेत, आणि जगातलं दोन तृतीयांशाहून जास्त कोबाल्ट एकट्या काँगोतून येतं.

तुला हे टोचत असेल तर विषयच तसा निवड. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट नसतंच. लिथियमऐवजी सोडियम वापरणाऱ्या सोडियम-आयन बॅटरीवर पुण्यातच काम झालंय : केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेच्या साथीने विकसित केलेलं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्येही बॅटरीवर काम चालतं. कोबाल्ट टाळलं म्हणून खाणी टळत नाहीत, हे मी लपवणार नाही. लिथियम, फॉस्फेट कुठून तरी खणूनच काढावं लागतं.

पैशांचं बाबा विचारतीलच. एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार आणि वर घरभाडं. श्रीमंती नाही, पण घरी हात पसरावा लागत नाही.

एम.एस्सी.साठी जॅम या प्रवेश परीक्षेचे फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत. त्याआधी तुमच्या सरांना विचार, कॉलेजात पोटेन्शिओस्टॅट (सेलचं व्होल्टेज आणि प्रवाह मोजायचं यंत्र) आहे का, आणि असेल तर तो कपाटात बंद आहे की चालू आहे. उत्तर मला कळव. नसेल तर उन्हाळी प्रोजेक्टसाठी कुणाला काय लिहायचं, ते आपण बसून ठरवू.