काळी तार, पांढरी तार : युनियनच्या अप्रेंटिसशिपबद्दल तुमचे प्रश्न

अमेरिकेतली वीज कामगारांची युनियन आयबीईडब्ल्यू आणि ठेकेदारांची संघटना नेका 1941 पासून मिळून इलेक्ट्रिशियन घडवतात. मी याच वाटेने शिकलो. या वेळी आलेली बरीच पत्रं त्याबद्दलच आहेत.

प्रश्न : मुलगा यंदा हायस्कूल संपवतोय. कॉलेज नको, इलेक्ट्रिशियन व्हायचंय म्हणतो. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. लोक काय म्हणतील ते राहू दे, पण याला शिक्षण म्हणायचं का? (एक आई, न्यू जर्सी)

ताई, हे शिक्षणच आहे, आणि चांगलं खणखणीत आहे. इमारतींच्या वायरिंगचा कार्यक्रम साधारण पाच वर्षांचा असतो : साइटवर किमान 8,000 तास आणि वर्गात 900 च्या आसपास. कामाचा पगार पहिल्या दिवसापासून मिळतो. बहुतेक ठिकाणी तो जर्नीमनच्या, म्हणजे पूर्ण शिकलेल्या कारागिराच्या दराच्या 40 ते 50 टक्क्यांपासून सुरू होतो आणि तास व वर्ग पुरे होतील तसा वाढतो. फी कॉलेजच्या मानाने नगण्य. मात्र सही करण्याआधी करारपत्र दोघांनी बसून वाचा. मध्येच सोडून युनियनबाहेर काम धरलं तर शिक्षणाचा खर्च परत मागण्याची अट अनेक ठिकाणी असते.

प्रवेश सोपा समजू नका. हायस्कूलचं बीजगणित लागतं. परीक्षेत गणिताचे 33 प्रश्न 46 मिनिटांत आणि वाचनाचे 36 प्रश्न 51 मिनिटांत सोडवायचे असतात. गुण 1 ते 9, मुलाखतीला बोलावणं यायला किमान 4 लागतात. मुलाखत घेणाऱ्यांत युनियनची आणि ठेकेदारांची माणसं बरोबरीने असतात. पुढे क्रमवारी लागते आणि कधी कधी वर्ष-दीड वर्ष वाट बघावी लागते.

गणित कशाला, असं मुलगा विचारेल. तारांच्या पाइपला सहा इंचांचा ऑफसेट द्यायचाय, म्हणजे तो दोनदा वाकवून तेवढा बाजूला न्यायचाय, आणि वाक 30 अंशांचा आहे, तर दोन खुणांमध्ये बारा इंच ठेवायचे. 30 अंशांचा साइन निम्मा, म्हणून दुप्पट. शाळेत जे त्रिकोणमितीचं कोष्टक त्याने पाठ केलं असेल, ते इथे पाइप वाकवायच्या हातातल्या बेंडरवर दिसतं. हे पहिल्यांदा जुळतं तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

प्रश्न : मी कोल्हापूरला आयटीआय वीजतंत्री केलं, सहा वर्षं एमआयडीसीत मेंटेनन्स केला. बायकोमुळे ग्रीन कार्ड मिळालं, आता शिकागोत आहे. इतकं येत असताना पहिलीपासून सुरुवात का करायची?

दादा, हा सल तुम्हाला का लागतो ते मला कळतं. मीही तारतंत्रीचं प्रमाणपत्र घेऊनच इथे आलो होतो. तरी आधी माझा पहिला महिना ऐका. पॅनल उघडं होतं. काळी तार दिसली आणि हात आपोआप पुढे गेला, कारण आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल. इथे काळी म्हणजे फेज आणि न्यूट्रल पांढरी! शेजारच्या जर्नीमनने माझं मनगट धरलं. ओरडला नाही, काही बोललाही नाही, नुसतं धरून ठेवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपलं ज्ञान खोटं नसतं, पण ते हातात मुरलेलं असतं, आणि नेमकी तीच सवय इथे घात करते. आपल्याकडे बटण खाली केलं की दिवा लागतो, इथे वर केलं की. घरात 230 ऐवजी 120 व्होल्ट, मोठ्या इमारतींत 277 आणि 480. शिवाय दर तीन वर्षांनी सुधारून निघणारी एनईसी ही नियमांची संहिता, जिच्यावर इथला इन्स्पेक्टर बोट ठेवतो.

तरीही हक्काचं सोडू नका. अर्जासोबत आयटीआयच्या गुणपत्रिका आणि कंपनीची अनुभवपत्रं इंग्रजीत जोडा आणि मागच्या तासांचं श्रेय मिळेल का, ते प्रशिक्षण समितीला थेट विचारा. निर्णय त्यांचा असतो. काहींना वरच्या वर्षात घेतात, काहींना नाही. मला नाही मिळालं. त्या पाच वर्षांचं दुःख मला आज नाही.

प्रश्न : वय 34, दोन मुलं, आता कामाची परवानगी आलीय. बाईला जमेल का? (ह्यूस्टन)

जमेल. कमाल वयाची अट नाही. माझ्यासोबत शिकलेल्यांत चाळिशी गाठलेले लोक होते. खरा प्रश्न ताकदीपेक्षा वेळेचा आहे. काम पहाटे सुरू होतं आणि अनेक ठिकाणी आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग असतो. तेव्हा मुलांना कोण बघणार, हे अर्ज करण्याआधी घरात ठरवून घ्या. आणि हातमोजे, हार्नेस मापाचेच मागा. बांधकामावर सुरक्षा साधनं अंगाला नीट बसणारी हवीत, हा नियम जानेवारी 2025 पासून स्पष्ट शब्दांत लागू आहे. ढगळ हातमोज्यात तार धरणं धोक्याचं आहे.

प्रश्न : दुसऱ्या वर्षात आहे. आठ महिने फक्त सामान वाहतोय आणि झाडू मारतोय. मागच्या आठवड्यात फोरमन म्हणाला, बंद करायला वेळ नाही, चालू पॅनलवरच जोड. मी जोडलं. कुणाला सांगितलेलं नाही.

बरं केलंस लिहिलंस. दुसऱ्या गोष्टीचं आधी बोलतो.

पुन्हा असं करायचं नाही. "सप्लाय बंद करून कुलूप लावल्याशिवाय मी हात घालणार नाही," एवढं एक वाक्य शांतपणे म्हण आणि लगेच तुझ्या स्टुअर्डला, म्हणजे साइटवरच्या युनियनच्या प्रतिनिधीला, फोन कर. बंद केल्यावरही टेस्टर आधी चालू जागी लावून बघ, मग जिथे काम करायचंय तिथे, मग परत चालू जागी. तिसरी पायरी गाळू नकोस, मधल्या मिनिटात टेस्टरच बिघडलेला असू शकतो. ही युनियन 1891 मध्ये सेंट लुईसला उभी राहिली ती याचसाठी. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर 1896 मध्ये वॉशिंग्टनला खांबावर काम करताना शॉक बसून खाली पडले आणि गेले. अध्यक्ष झालेला माणूसही खांबावर होता, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो.

आता झाडूचं. थोडे दिवस सगळेच झाडू मारतात, आठ महिने नाही. तासांच्या नोंदीत कामाचा प्रकार खरा लिही. झाडलंस तर झाडलं असंच लिही. फोरमनला वाईट वाटू नये म्हणून "वायरिंग" लिहितात, तिथेच पोरं फसतात. ती नोंद घेऊन प्रशिक्षण संचालकाकडे जा आणि दुसऱ्या ठेकेदाराकडे बदली माग. अप्रेंटिसला सगळ्या प्रकारचं काम मिळतंय ना, हे बघणं त्या कार्यालयाचं कामच आहे, तू उपकार मागत नाहीयेस. याच आठवड्यात जा, आणि काय झालं ते मला कळव.

प्रश्न : काम संपून ले-ऑफ मिळाला तर अप्रेंटिसशिप जाते का?

नाही. त्याच दिवशी प्रशिक्षण कार्यालयाला कळवा, पुढचं काम तेच देतात. बेकारी भत्त्याचा अर्ज लगेच भरा. आणि वर्ग चुकवू नका, काम नसलं तरी हजेरी मोजली जाते.