शेवाळाचे मूळ प्रकाशात शोधा
तुमच्या माशांच्या टाकीतील शेवाळावर औषध ओतण्यापूर्वी दिवा किती तास चालतो ते पाहावे. आपल्याकडे विजेचा नेम नसल्याने ती असेपर्यंत दिवा चालू ठेवण्याचा मोह होतो. परंतु तो दिवसाला ६ ते ८ तासच लावावा आणि टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी. दर आठवड्याला सुमारे ३० टक्के पाणी बदलावे, मात्र शेतातल्या विहिरीच्या पाण्यात खतांतून झिरपलेले नायट्रेट असू शकते, आणि ते शेवाळाला आयतेच खाद्य ठरते, म्हणून पाणी आधी तपासून घ्यावे. गावतलावातील हायड्रिला ही पाणवनस्पती झपाट्याने वाढते व शेवाळाच्या वाट्याचे अन्न शोषून घेते; ती स्वच्छ धुऊनच लावावी, कारण माझ्याकडे तिच्यासोबत गोगलगायी आल्या होत्या. खाद्य मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच घालावे.