जुन्या एसीत नवा गॅस मारावा का?

मालवणच्या ताईंनी विचारलंय: होमस्टेच्या खोलीत दीड टनी जुना स्प्लिट आहे, त्यात आर-२२ गॅस. दर उन्हाळ्यात गॅस संपतो. मेकॅनिक म्हणतो, यंदा त्यातच आर-३२ मारून देतो, पर्यावरणालाही बरं.

ताई, मारू देऊ नका. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. तुमचा कॉम्प्रेसर आणि कॉइल त्या दाबासाठी बनवलेली नाहीत, आतलं तेलही जुळत नाही. वर हा गॅस थोडा ज्वलनशील. आर-२९० सुचवला तर त्यालाही नाही म्हणा. तो सरळ प्रोपेन आहे, म्हणजे चटकन पेट घेणारा. कारखान्यातून त्याच गॅससाठी बनून आलेलं यंत्र वेगळं.

खरं म्हणजे गॅस 'संपत' नाही, गळतो. आपल्याकडे खारी हवा कॉइल खाते. आउटडोअरच्या फ्लेअर नटापाशी (तांब्याचा पाइप जोडणारा नट) तेलकट डाग दिसतो का बघा, साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. गळती न शोधता दरवर्षी टॉप-अप करणाऱ्याला पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत.

हिशेब बघा. आर-२२ ओझोनही खातो आणि तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट भारी. म्हणजे किलोभर गॅस उडाला की जवळपास पावणेदोन टनांचा भार. त्यानंतर आलेला आर-४१०ए गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण तोही २०८८ पट. आर-३२ चा आकडा ६७५, आर-२९० चा जेमतेम ३. ओझोन वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारानुसार २०३० पासून आर-२२ फक्त दुरुस्तीपुरता, तोही थोडाच मिळेल. त्याच करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीप्रमाणे भारत २०३२ पासून आर-४१०ए, आर-३२ यांसारख्या एचएफसी (ओझोनला न खाणाऱ्या पण तापमान वाढवणाऱ्या) गॅसांचा वापरही टप्प्याटप्प्याने उतरवणार, २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी. म्हणून आर-३२ ला मी मधला थांबा समजतो.

कॉइल जुनाट झाली असेल तर नवीन एसीच घ्या. आर-२९० चं मॉडेल मिळालं आणि ते हाताळणारा माणूस जवळ असला तर ते, नाहीतर आर-३२ चं पाच स्टार इन्व्हर्टर. विजेचा भारही हिशेबात येतोच की! कॉइल तांब्याची आणि कोटिंगवाली बघा. आउटडोअर समुद्राकडे तोंड करून लावू नका, अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा (मेन स्विच बंद करून, बरं का). जुन्यातला उरलेला गॅस हवेत सोडू नका, सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा.

बसवताना पाइपातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप हवाच, पावसाळ्यात तर हटकून. दमट हवा पाइपात राहिली की नवीन तेल पाणी धरतं आणि कॉम्प्रेसर जातो. 'थोडा गॅस सोडून हवा काढतो' असं कुणी म्हणालं, तर त्याला पंप घेऊनच परत यायला सांगा. हे गॅस पेट घेणारे आहेत.